ऐकणारा कॅमेरा

पुण्यात डिसेंबरमध्ये भरणाऱ्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या मांडवात मागे बसलेल्या श्रोत्याला गायकाचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो उजळलेला मंच, त्यावरच्या पाच-सहा बैठ्या आकृती आणि मोठाले पडदे. षड्ज लागला की त्याची नजर आपसूक पडद्याकडे वळते आणि बराच वेळ तिथेच राहते. हजारो माणसं अशी जी मैफल पाहतात, ती कुणीतरी त्यांच्यासाठी निवडलेली असते. निवडणारा मंचाच्या आडोशाला टेबलाशी बसतो. समोरच्या मॉनिटरवर चार-पाच कॅमेऱ्यांच्या चौकटी आणि बोटं स्विचरच्या बटणांवर. गायिकेनं डोळे मिटले तर तो मिटलेला चेहरा धरून ठेवायचा की तबल्याकडे जायचं, हा निर्णय त्याचा. असे निर्णय तो मैफलीभर घेत राहतो. आमच्या धंद्यात या कामाला ‘ऑनलाइन करणं’ म्हणतात. हे पुस्तक तो ऑनलाइन करणारा आणि त्याच्यासाठी कॅमेऱ्यांवर उभी राहणारी मुलंमुली यांच्यासाठी आहे.

वामनराव देशपांड्यांच्या ‘घरंदाज गायकी’पासून अशोक दा. रानडे यांच्या लेखनापर्यंत, गाणं ऐकावं कसं हे मराठीत फार चांगलं सांगितलं गेलं. गाणं दाखवावं कसं, हे मात्र मांडवातच, एकमेकांचं पाहून शिकलं जातं. त्यात यंत्र शिकून होतं आणि गाणं शिकायचं राहून जातं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढची सगळी पानं त्याच्याच पाठपुराव्यासाठी आहेत: मैफलीचं चित्र करणारा माणूस आधी श्रोता असला पाहिजे. सम कुठे येणार हे ज्याला कळत नाही, त्याला कॅमेरा कुठे न्यायचा हेही कळणार नाही.

पडदा मुळात का लागला, ते आधी पाहू. भीमसेन जोशी यांनी गुरू रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांच्या स्मृतीसाठी १९५३ साली हा महोत्सव सुरू केला. तो वर्षानुवर्षं रमणबागेत भरला आणि आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो. ख्यालगायकीची घडण मात्र मैदानात झालेली नाही. ती दिवाणखान्यातल्या, देवळातल्या, फार तर वाड्याच्या चौकातल्या बैठकीत झाली. तिथे पन्नास-शंभर माणसं गायकाच्या इतकी जवळ बसत की त्याच्या हाताचा ओघ, साथीदाराकडे टाकलेला कटाक्ष, तान घेण्याआधी भरलेला श्वास हे सगळं गाण्याचाच भाग म्हणून पोहोचे. श्रोते वाढले, बैठकीचा मांडव झाला. आवाज मागपर्यंत नेण्याचं काम ध्वनिवर्धकानं पत्करलं. चेहरा, हात आणि नजर मात्र पहिल्या काही ओळींपुढे जाईनात. पडदा तेवढ्यासाठी आला. अंतरानं जे हिरावलं ते परत करणं एवढंच त्याचं काम, आणि ते लहान काम नाही.

यंत्र आलं की गाणं त्याच्याशी जुळवून घेतं, हे आपल्या संगीतानं आधीही पाहिलं आहे. १९०२ साली कोलकात्यात गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तबकडीत मावावा म्हणून राग तीनेक मिनिटांत आवरावा लागला. मायक्रोफोननं खुल्या, भरदार आवाजाची सक्ती संपवली आणि हलक्या, नाजूक लगावाला मोठ्या सभागृहात जागा करून दिली. पडदाही असंच काहीतरी करतो आहे. आपला चेहरा वीस फूट उंच दिसतो आहे हे माहीत असलेला कलाकार आणि ते माहीत नसलेला कलाकार एकसारखे बसत नाहीत. म्हणून पडद्याचं काम करणाऱ्याला मी तटस्थ तंत्रज्ञ मानत नाही. तो मैफलीचा एक घटक आहे आणि घटकाची जबाबदारी त्याच्यावर येते.

नीट वापरला तर हा पडदा काय देतो, याची माझी आवडती उदाहरणं वाद्यांची आहेत. सारंगीच्या तारा बोटांच्या टोकांनी दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीनं दाबतात. आयुष्यभर सारंगी ऐकलेल्या अनेकांना हे ठाऊक नसतं, कारण मागच्या ओळीतून ते दिसण्याची सोयच नव्हती. तिरक्या कोनातून धरलेला एक संथ क्लोज-अप हे दाखवतो, आणि त्या सुरात कंठाचा भास का होतो ते पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावून तो जुळवतात. ती लावण्याची, थोडी काढण्याची, पुन्हा थाप मारून पाहण्याची क्रिया बहुतेक वेळा पडद्यावर येतच नाही, कारण ‘अजून सुरू झालेलं नाही’ म्हणून तेव्हा प्रायोजकांच्या जाहिराती चालू असतात. सतारीवर एकाच पडद्यावर तार खेचून पाच स्वरांची मींड निघते, तेव्हा डावा हात दाखवायचा. उजवा हात तेव्हा जवळजवळ स्थिर असतो आणि त्याच्याकडे पाहून काहीच कळत नाही.

गायनात हे आणखी सूक्ष्म होतं. मॅथ्यू रहाइम यांनी हिंदुस्थानी गायकांच्या हातवाऱ्यांवर एक ग्रंथच लिहिला आहे, ‘म्यूझिकिंग बॉडीज’, २०१२ सालचा. गाताना हात हवेत जे रेखतात ती सजावट नसते, ती स्वरांच्या आकाराची समज असते आणि गुरूकडून शिष्याकडे गळ्याबरोबर तीही जाते, हा त्यातला मुद्दा मला आमच्या कामासाठी फार मोलाचा वाटतो. त्यातून एक साधा नियम निघतो: गायकाची चौकट फक्त चेहऱ्याची ठेवायची नाही. डोक्यापासून मांडीपर्यंत, दोन्ही हात पसरले तरी आत राहतील इतकी ती रुंद हवी. चेहऱ्याचा मोठा क्लोज-अप चुकून-माकून, आलापीत एखाद्या न्यासाच्या स्वरावर, आणि तोही लांबवून ठेवायचा असेल तरच.

चित्र आणि गळा यांची सोबत आपल्याकडे नवी नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. हातानं रंगवलेल्या चित्रांची पोथी पुढ्यात ठेवून कथा गायची, प्रसंग बदलला की चित्र बदलायचं. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’चे प्रयोग करत. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात मोठी होऊन पडद्यावर पडत आणि त्यांच्या जोडीला निवेदन असे. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला तेव्हा अजून दोन दशकं होती. या दोन्ही परंपरांकडे मी वारंवार वळतो, कारण त्यांत चित्राची लय कथेच्या लयीला बांधलेली आहे. चित्रकथी गाणाऱ्याला दुसऱ्या कुणी इशारा करावा लागत नाही. ओळ संपते तेव्हा पान उलटतं.

आजच्या मांडवात हा दुवा तुटलेला असतो, आणि तो नेमका कुठे तुटतो हे सांगायला हवं. ऑनलाइन करणाऱ्याच्या आणि कॅमेऱ्यावरच्यांच्या कानांवर टॉकबॅकचे हेडफोन असतात. त्यांत एकमेकांचे आवाज येतात: ‘दोन, थोडं टाइट घे’, ‘तीन, फोकस’, ‘चार, तयार राहा’. दोन्ही कान त्यांत बंद झाले की मंचावरचं गाणं बाहेरून, दबलेलं, अर्धवट ऐकू येतं. म्हणजे सगळ्या मांडवात ज्यांनी सर्वांत जास्त लक्ष देऊन ऐकायला हवं, नेमक्या त्याच माणसांना सर्वांत कमी ऐकू येतं. उपाय स्वस्त आहे. ध्वनी सांभाळणाऱ्याच्या मिक्सरमधून एक आउटपुट घेऊन तो टॉकबॅकमध्ये सोडायचा, किंवा एका कानाचा हेडफोन वापरून दुसरा कान मोकळा ठेवायचा. बोलणं कमीत कमी, आलापीत तर जवळजवळ नाहीच. एवढा एक बदल केला तरी त्याच माणसांच्या, त्याच कॅमेऱ्यांच्या कामात फरक पडतो. नवा कॅमेरा घेण्याआधी हे करा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता कट. महोत्सवांचं चित्रीकरण करणारी बरीच मंडळी लग्नसमारंभांच्या कामातून तयार झालेली असतात. त्यांचा हात साफ असतो, उजेडाची जाण असते, दमछाक सोसायची तयारी असते, आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण लग्नात क्षण निसटून जातात, म्हणून कॅमेरा सतत पुढच्या क्षणाच्या शोधात राहतो आणि एका शॉटवर चार-पाच सेकंदांहून जास्त थांबलं की काहीतरी चुकतंय असं वाटू लागतं. बड्या ख्यालात गणित निराळं आहे. अतिविलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची असू शकते. बारा मात्रांचं आवर्तन मग जवळजवळ एक मिनिट चालतं. त्या एका मिनिटात गायक एक विचार मांडतो, वाढवतो आणि मुखडा घेऊन समेवर आणून ठेवतो. दर पाच सेकंदांनी कट केला तर एका विचाराचे बारा तुकडे होतात. कान एक सलग वाक्य ऐकत असतो आणि डोळा अडखळत असतो. श्रोत्याला कारण सांगता येत नाही, पण तो थकतो.

म्हणून माझी शिफारस अशी: विलंबितात चित्र बदलायचं ते आवर्तनाच्या हिशेबानं. मुखडा सुरू झाला की, सम येण्याआधीच, गायक आणि तबलजी दोघं दिसतील अशा चौकटीवर यायचं. सम ही भेट आहे. भेटणाऱ्यांपैकी एकालाच दाखवलं तर ती पडद्यावर घडतच नाही. सम पडल्यावर क्षणभर तिथेच थांबायचं, दोघांच्या चेहऱ्यावरचा भाव उमटू द्यायचा आणि मग गायकाकडे परतायचं. तानेच्या मध्यावर कट नको, कारण तानेचा उगम आणि शेवट एकाच चौकटीत दिसले तरच तिचा पल्ला कळतो. द्रुतात कट जलद होऊ शकतात, पण तिथेही तिहाईचे तीन पल्ले तीन कॅमेऱ्यांवर वाटून देण्याचा मोह टाळलेला बरा. तिहाई एकाच हातातून तीनदा निघते, हीच तर तिची गंमत आहे. जुगलबंदीत सवाल चालू असताना जवाब देणाऱ्याचा ऐकणारा चेहरा दाखवा, तो अनेकदा वाजवणाऱ्या हातांपेक्षा जास्त सांगतो. आणि एक कॅमेरा मुख्य कलाकारावरून कधीच हलवायचा नाही, काहीही झालं तरी.

हे सगळं तबल्याचा ठेका ओळखता आल्याशिवाय जमत नाही. त्यासाठी गायक व्हावं लागत नाही. तीनताल, एकताल, झपताल, रूपक, झुमरा यांचे ठेके हातावर मोजता येणं, खाली कुठे आहे ते कळणं आणि बंदिशीचा मुखडा पहिल्यांदा आला की तो कितव्या मात्रेपासून उठतो हे टिपून ठेवणं, इतकं पुरे. काही महिने रोज तासभर ऐकलं तर कुणालाही येतं. दुसऱ्या प्रकरणात त्याचा क्रम दिला आहे.

सिनेमावाल्यांनी हा प्रश्न आपल्या आधी हाताळला आहे आणि त्यांचे तीन प्रयत्न पुन्हा पुन्हा पाहण्यासारखे आहेत. पुण्याच्या चित्रपट संस्थेत शिकलेले मणी कौल यांनी १९८२ साली ‘ध्रुपद’ हा माहितीपट केला. त्यात झिया मोहिउद्दीन डागर आणि झिया फरीदुद्दीन डागर आहेत. मणी कौल स्वतः ध्रुपद शिकले होते. त्यामुळे आलाप किती वेळ मागतो हे त्यांना आतून माहीत होतं, आणि त्यांचा कॅमेरा तेवढा वेळ देतो. त्या लांबलचक शॉटमध्ये काही ‘घडत’ नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो डोळे मिटून एकदा ऐकावा आणि मग पाहावा.

दुसरा प्रयत्न डी. ए. पेनेबेकर यांच्या १९६८ च्या ‘माँटेरी पॉप’ या चित्रपटाचा शेवट. १९६७ साली कॅलिफोर्नियात झालेल्या त्या महोत्सवात रविशंकर सतारीवर आणि अल्लारखा तबल्यावर होते. सतार ऐकू येऊ लागते, पण कितीतरी वेळ कॅमेरा रविशंकरांकडे जातच नाही. तो मैदानात हिंडतो, पेंगुळलेली, हसरी, तल्लीन माणसं दाखवतो, आणि वादन रंगात येतं तेव्हा कुठे मंचावर पोहोचतो. शेवटी टाळ्यांचा जो गजर होतो, तो आपणही त्या गर्दीत बसून मिळवलेला आहे असं वाटतं. चित्रपट म्हणून हा शेवट मला अप्रतिम वाटतो. पण आमच्या कामात त्याची नक्कल करू नये. तो पडद्यावर नंतर, दुसऱ्या गावी, दुसऱ्या माणसांनी पाहायचा आहे. आपला पडदा त्याच मांडवात आहे. श्रोत्याला स्वतःचाच चेहरा वीस फुटी दिसला की तो केस सावरतो, शेजाऱ्याला कोपरखळी मारतो, लहान मुलं हात हलवतात, आणि त्या भागातलं ऐकणं काही काळ थांबतं. मांडवातल्या पडद्यावर श्रोते दाखवायचेच असतील तर मध्यंतरात. मुद्रणासाठी हवे असतील तर वेगळ्या कॅमेऱ्यानं टिपून ठेवा, पडद्यावर सोडू नका.

तिसरा प्रयत्न सत्यजित राय यांचा, बालासरस्वतींवरचा ‘बाला’, १९७६ सालचा. भरतनाट्यमच्या त्या थोर कलावतीला राय यांनी एका भागात समुद्रकिनाऱ्यावर नाचताना चित्रित केलं. तिथे वारा आहे, लाटा आहेत, उडणारा पदर आहे, आणि ते सगळं अभिनयाशी स्पर्धा करतं. पुढे वर्णम मात्र मंचावरचं आहे आणि तिथे कॅमेरा संयमानं समोर उभा राहतो. एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाच्या एकाच चित्रपटात हे दोन्ही मार्ग शेजारी-शेजारी मिळतात, म्हणून नृत्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तो पाहायला सांगतो. कथकमध्ये तर चौकट पायाच्या घोट्याशी कापणं हा अपराधच आहे. ततकार चालू असताना फक्त पावलं मोठी करून दाखवण्याची फार ओढ होते, पण पावलांचा बोल आणि वरच्या देहाची स्थिरता हे एकत्रच पाहायचं असतं. नृत्यात पूर्ण आकृती हा मूळ शॉट, बाकी सगळे पाहुणे.

यंत्रांबद्दल पुढे पुष्कळ आहे, पण एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती सर्वांत कमी लोकांना माहीत असते आणि सर्वांत जास्त बिघाड करते: उशीर. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मंचापासून ५० मीटरवर बसलेल्याला तबल्याची थाप सुमारे १४६ मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. चित्रही उशिरा पोहोचतं. कॅमेरा, स्विचर आणि एलईडी वॉलचा प्रोसेसर यांत मिळून सहज तीन-चार फ्रेम जातात. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबानं एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे १२० ते १६० मिलिसेकंद गेले. मागच्या श्रोत्यासाठी हे दोन उशीर एकमेकांना भेटतात आणि थाप आणि बोट एकत्र पडतात. पण मंचापासून १० मीटरवरच्या माणसाला आवाज ३० मिलिसेकंदांत मिळतो. त्यानं पडद्याकडे पाहिलं तर हात निदान ९० मिलिसेकंद मागे राहिलेला दिसतो. द्रुत तीनताल मिनिटाला ३०० मात्रांच्या वेगानं चालला असेल तर एक मात्रा २०० मिलिसेकंदांची. म्हणजे जवळजवळ अर्ध्या मात्रेचा फरक. पडद्यावरचा तबलजी बेताला झालेला दिसतो.

याचा इलाज म्हणजे पुढच्या ओळींतल्या श्रोत्याच्या नजरेत पडदा येणारच नाही अशी त्याची जागा ठरवणं. त्यांना मंच दिसतो आहे, त्यांना पडद्याची गरज नाही. शिवाय सगळी साखळी सेकंदाला ५० फ्रेमवर चालवली की एक फ्रेम २० मिलिसेकंदांची होते आणि उशीर जवळजवळ निम्म्यावर येतो. मध्ये लावलेले अनावश्यक कन्व्हर्टर आणि बिनतारी जोडण्या काढून टाका, प्रत्येक डबा थोडा वेळ खातो. आणि मांडवाच्या मध्यावर जे जादा स्पीकर लावतात, त्यांचा आवाज मंचावरून येणाऱ्या आवाजाशी जुळावा म्हणून मुद्दाम थांबवून सोडलेला असतो. ध्वनी सांभाळणाऱ्याकडून तो आकडा विचारून घ्या. ध्वनीवाले आणि चित्रवाले मैफलीआधी एकदाही एकमेकांशी बोलत नाहीत, असं फार ठिकाणी होतं.

पडद्याच्या आकाराचा ठोकताळा असा, की सर्वांत मागच्या श्रोत्याचं अंतर चित्राच्या उंचीच्या सहा ते आठ पटींहून जास्त नसावं. मांडव ६० मीटर खोल असेल तर त्या हिशेबानं चित्र साडेसात ते दहा मीटर उंच हवं. ते उभं करणं बहुतेकांना परवडत नाही आणि वाऱ्यात धोक्याचंही असतं, म्हणून निम्म्या अंतरावर पडद्यांची दुसरी जोडी लावावी. एलईडी वॉलच्या नावात जो आकडा असतो, पी-तीन, पी-चार, तो दोन ठिपक्यांमधलं मिलिमीटरमधलं अंतर सांगतो, आणि जवळच्या श्रोत्याचं मीटरमधलं अंतर साधारण त्याहून कमी नसावं. प्रोजेक्टर स्वस्त पडतो आणि बंद सभागृहात त्याचं चित्र डोळ्यांना सौम्य लागतं, पण त्याच्या पंख्याची घरघर आलापीत पहिल्या ओळीपर्यंत येते. तो मंचापासून दूरच हवा.

एलईडी वॉलची प्रखरता हा माझ्या दृष्टीनं सर्वांत दुर्लक्षित विषय आहे. भर उन्हात दिसावी म्हणून बनवलेली वॉल संध्याकाळी तशाच प्रखरतेवर ठेवली तर ती मंचापेक्षा जास्त उजळते, आणि मग खरा गायक तिच्या शेजारी सावलीत बसल्यासारखा दिसतो. अंधार पडेल तशी ती उतरवत न्यायची. मंचावरचा प्रकाश स्थिर आणि एकाच रंगछटेचा असावा. कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स त्याच्याशी एकदा जुळवून मग हात लावायचा नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून शटर एक पन्नासांशावर ठेवला की दिव्यांची लुकलुक बहुतेक वेळा चित्रात येत नाही. पांढरा शुभ्र झब्बा घातलेल्या गायकाचा चेहरा बहुतेक कॅमेरे आपणहून काळवंडवतात. एक्स्पोजर चेहऱ्यावर हातानं ठरवा, झब्बा थोडा जळाला तरी चालेल.

मंचामागे लावलेल्या एलईडी वॉलबद्दल मी स्पष्ट लिहिणार आहे, आणि काही आयोजकांना ते आवडणार नाही. मल्हार सुरू झाला की मागे पाऊस पडतो, भैरव सुरू झाला की सूर्य उगवतो, आणि इतर वेळी सोनेरी मंडलं गरगर फिरत राहतात. गायक सुरांनी जो पाऊस उभा करू पाहतो आहे, तो त्याच्याच पाठीमागे आयता पडत असेल तर त्यानं काय करावं? ज्या कलेत चित्र हा सादरीकरणाचा भाग आहे, तिथे प्रक्षेपणानं खुशाल यावं. चित्रकथीचं पान मोठं करून दाखवा, एखाद्या नृत्यनाट्यात कलावंतानं स्वतः नेपथ्य म्हणून चित्रं निवडली असतील तर ती उत्तम प्रतीनं दाखवा. रागाच्या पाठीशी मात्र एकाच रंगाचा, शांत, न हलणारा पडदा हवा. त्यावर गुरूंची तसबीर आणि महोत्सवाचं नाव पुरे. हलणाऱ्या चित्रांचा दुसरा तोटा तांत्रिक आहे: ठिपक्यांची ती भिंत कॅमेऱ्यात पकडली की लाटांसारखी जाळी उमटते आणि बाजूच्या पडद्यावरचा गायक तिच्यात अडकतो. जिब आणि ड्रोन यांनाही मैफलीत जागा नाही. गायकाच्या डोक्यावरून यंत्र घिरट्या घालत असताना त्यानं मंद्रात स्थिर राहावं अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

कॅमेऱ्याची जागा ठरवताना आपले श्रोते भारतीय बैठकीवर बसलेले असतात, हे लक्षात ठेवा. माणसाच्या उंचीचा ट्रायपॉड मांडवाच्या मधोमध उभा केला तर त्याच्यामागच्या कितीतरी जणांना मंच दिसेनासा होतो. कॅमेरे कडेला किंवा अगदी मागे, लांब पल्ल्याच्या लेन्ससह, आणि गायकाच्या डोळ्यांच्या उंचीवर. खालून वर पाहणाऱ्या कॅमेऱ्याला हनुवटी आणि मायक्रोफोन एवढंच मिळतं. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद करावा लागत असल्यानं दोन कलाकारांमधला वेळ आता फार थोडा असतो. तेवढ्यात जागा बदलता येत नाहीत, म्हणून सकाळीच सगळ्या कलाकारांच्या बैठका विचारून घ्या: तबला कोणत्या बाजूला, हार्मोनियम की सारंगी, मागे तानपुरे किती.

शेवटचा विषय हक्कांचा, कारण पडद्यावरून गेलेलं चित्र हल्ली तिथेच संपत नाही. ते साठतं, कापलं जातं, फोनवर फिरतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क आला. आज त्याची मुदत पन्नास वर्षांची आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपलं नाव लागण्याचा आणि सादरीकरणाच्या विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा अधिकारही कलाकाराला आहे. मांडवातल्या पडद्यावर दाखवणं, मुद्रण करून ठेवणं आणि थेट प्रसारित करणं या तीन वेगळ्या परवानग्या आहेत. त्या लेखी घ्याव्यात, आणि साथीदारांच्याही घ्याव्यात. तानपुऱ्यावर बसलेली शिष्याही त्या चित्रात आहे. एखाद्या कलाकारानं मुद्रणाला नकार दिला तर कॅमेरा चालू ठेवून ‘फक्त आपल्यासाठी’ म्हणून साठवायचं नाही. हा विश्वास एकदा गेला की पुढचे कलाकार पडद्यालाच नकार देतील, आणि त्याची किंमत मागच्या ओळीतला श्रोता मोजेल.

जे परवानगीनं साठवलं आहे ते मात्र नीट साठवा. टेप महाग होती तेव्हा एका मुद्रणावर दुसरं करण्याची रीत जगभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांत होती आणि त्यात पुष्कळ संगीत गेलं. आज जागा स्वस्त आहे, आणि तरी मुद्रणं हरवतात, कारण हार्ड डिस्क कुणाच्या तरी कपाटात पडून राहते आणि तिच्यावर राग, ताल, साथीदार, तारीख यांपैकी काहीच लिहिलेलं नसतं. स्विचरमधून निघालेलं अंतिम चित्र तर ठेवाच, पण मुख्य कलाकारावरच्या त्या न हलणाऱ्या कॅमेऱ्याचं अखंड मुद्रणही ठेवा. मांडवात त्या रात्री तबल्याचा हात दाखवणं योग्य होतं. तीस वर्षांनी कुणी विद्यार्थी त्याच क्षणी गायकाच्या हातानं काय रेखलं ते शोधत येईल, आणि तेव्हा आपली निवड त्याच्या आड येता कामा नये.

प्रकरणांचा क्रम कॅमेऱ्याच्या पुस्तकांत सहसा असतो तसा नाही. पहिलं प्रकरण ध्वनीचं आहे, दुसरं ताल ऐकण्याचं, तिसरं जागेचं आणि प्रकाशाचं. कॅमेरा चौथ्या प्रकरणात येतो. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी विलंबित एकतालाचा एक सराव दिला आहे. तो हातावर जमल्याशिवाय पुढची पानं उलटू नयेत.